चौथ्या शेडचा धडा

पहिल्या पाच आठवड्यांत तिच्याशी धड दोन शब्द कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर तीही कुणाशी धड बोलली नव्हती. संरक्षण आणि सुरक्षा व्यवस्थापनाचा हा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम अधिकाऱ्यांसाठी होता. सव्वीस जण होते: रणगाड्यांचे, आरमाराचे, पोलिसांतले, विमानतळाच्या सुरक्षेतले. ती दारूगोळ्याच्या डेपोची साठाअधिकारी. एक्केचाळीस वर्षांची, बुटकी, आवाज घोगरा. बाकीचे अधिकारी म्हणूनच नोकरीला लागले होते; ती लिपिक म्हणून लागली आणि वर चढत आली. वर्गातल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, ‘जिना’. पायरी पायरीने आलेली म्हणून. हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

या प्रमाणपत्राशिवाय पुढची बढती मिळत नव्हती. एवढ्यासाठीच ती आली होती. व्यवस्थापनाचे तक्ते, जोखमीची कोष्टकं, लाल-पिवळे-हिरवे चौकोन; सगळं ती वहीत उतरवून घ्यायची आणि मनात म्हणायची, हे काढणाऱ्याने आयुष्यात एक पेटी उचललेली नाही.

रणगाड्यांचा कप्तान तिच्या पुढच्या बाकावर बसायचा. देखणा, तोंडाळ, वर्गाचा लाडका. एकदा तो मागे वळून म्हणाला, “तुमचं काम बरं आहे हो. पेट्या मोजायच्या. पेट्या काही पळून जात नाहीत.”

“पळत नाहीत,” ती म्हणाली. “फुटतात.”

तो हसला. ती हसली नाही.

खोलीतली जोडीदारीण तुरुंग अधीक्षक होती. पन्नाशीची, दणकट बाई. झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा तपासायची आणि सकाळी उठल्यावर पलंगाखाली वाकून बघायची. पहिल्या दिवशीच तिने बजावलं होतं, “मला गप्पा मारायची सवय नाही. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात. संध्याकाळी मला शांतता लागते.” हे दोघींनाही सोयीचं पडलं.

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी वर्गात नवी पानं वाटली गेली. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा अभ्यास. शीर्षक होतं, ‘चौथी शेड: मानवी चूक आणि तिची किंमत’. डेपोचं नाव गाळलेलं, माणसांची नावं गाळलेली. पण तिला पहिल्या नजरेतच कळलं. शेडच्या नकाशात पाण्याची टाकी दक्षिणेला होती आणि तिच्या शेजारी सायकलींचा स्टँड. त्या स्टँडवर पाच वर्षं तिची सायकल उभी राहत होती.

पानात लिहिलं होतं ते असं. चौदा वर्षांपूर्वी एका दारूगोळा डेपोच्या चौथ्या शेडला भर दुपारी आग लागली. आत तोफगोळ्यांची जुनी दारू होती, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी भुकटी. ती जुनी झाली की उष्णता सोसत नाही. शेडचे पंखे बंद होते, तापमान वाढत गेलं, स्टोअरकीपरने नोंदी ठेवल्या नाहीत आणि वरिष्ठांना कळवलंही नाही. आगीत तो आणि अग्निशामक दलाचे दोघे गेले. पुढे एक वाक्य तिरप्या अक्षरात होतं: ‘आवक विभागातील लिपिकेने चौकशी समितीसमोर स्पष्ट सांगितले, की स्टोअरकीपरकडून असा कोणताही अर्ज आला नव्हता.’

ती लिपिक म्हणजे ती स्वतः होती. आणि अर्ज आले होते. तीन.

त्या स्टोअरकीपरला सगळा डेपो खडूकाका म्हणायचा. तपासलेल्या प्रत्येक पेटीवर तो खडूने फुली मारायचा, आणि त्याची बोटं, नाक, कधी कधी कानसुद्धा पांढरा असायचा. माणूस किरकिऱ्या होता. अर्ज घेऊन यायचा तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणायचा, “पोरी, शिक्का मार. नीट मार. अर्धा उमटतो तुझा.” तिला त्याचा राग यायचा. पण शिक्का ती नीट मारायची.

आगीच्या दुसऱ्या दिवशी कमांडंट साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर कोरं रजिस्टर होतं. जुनं रजिस्टर बंबाच्या पाण्यात भिजलं, म्हणाले. नवीन उतरवून काढायचं. जुनं तिथेच ठेवलेलं होतं, कोरडं ठणठणीत. साहेब शेजारी बसून सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तीन नोंदी त्यांनी सांगितल्या नाहीत आणि तिने विचारल्या नाहीत. शेवटी ते म्हणाले, “गेला तो गेला. आता उरलेल्यांचं बघायला हवं. तुझं पुढचं मी बघतो.” त्यांनी शब्द पाळला. दोन वर्षांत ती अधिकारी झाली.

आणि आता तेच साहेब निवृत्त होऊन या संस्थेचे संचालक होते. चौथ्या शेडचा धडा त्यांनीच लिहिला होता आणि दर वर्षी तेच शिकवायचे. पाच आठवडे त्यांनी तिला ओळख दिली नव्हती. तिला वाटलं होतं, विसरले असतील. त्या दुपारी व्हरांड्यात त्यांनी तिला थांबवलं.

“पानं वाचली?”

“वाचली सर.”

“चांगला धडा आहे. मुलांना फार उपयोग होतो.” मग आवाज खाली आणून, “तुम्ही त्या वेळी समजूतदारपणा दाखवलात. तसाच ठेवा. तुमच्या बढतीच्या कागदावर माझी सही लागते, हे मी सांगायला नको.”

“नको सर,” ती म्हणाली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. चौदा वर्षांत ती कला तिने चांगली कमावली होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. तो बसच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, शांत माणूस. त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं.

“लग्नाच्या आधीचं आहे हे?”

“आधीचं.”

“मग आत्ता कशाला जुनी मढी उकरतेस? चार आठवडे राहिलेत. ये की गुपचूप.”

“येते,” ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला त्याचा राग आला, कारण तिलाही अगदी तेच हवं होतं.

खडूकाकांची बायको याच शहरात राहायची. आगीनंतर आठवड्याभरात तिला क्वार्टर खाली करायला लावलं होतं. गणवेशांवरच्या नावाच्या पट्ट्या शिवून ती पोट भरते, एवढं तिच्या कानावर होतं. रविवारी सुट्टी होती. दोन शिंप्यांना विचारत ती एका तीनमजली इमारतीपाशी पोचली. दाराबाहेर शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू येत होता. तिने बेल वाजवली तसा तो थांबला.

दार साखळीवरच उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धा चष्मा दिसला.

“काकू, मी डेपोतली. आवकमध्ये होते.”

“माहीत आहे. चौकशीला तू पांढरी चप्पल घालून आली होतीस. नवी कोरी. माझी मान खाली होती, तेवढीच दिसली.”

रस्ताभर तिने बरीच वाक्यं जुळवली होती. “मला खरं सांगायचं होतं,” ती कशीबशी म्हणाली.

“मला?” काकू म्हणाली. “मला कशाला सांगतेस? मला ठाऊकच आहे. तो घरी येऊन रोज सांगायचा, आज पोरीने शिक्का मारला, आता काहीतरी होईल. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग. माझ्या दारात येऊन स्वतःचं मन हलकं करू नकोस.”

“काकू—”

“आणि काकू म्हणू नकोस.”

दार लागलं. मशीन पुन्हा सुरू झालं. ती जिन्यात उभी राहिली. वरून एक माणूस बादली घेऊन उतरला, तिच्याकडे बघत बघत गेला. राग कुणाचा करावा हेच तिला कळत नव्हतं. बाईचा करायची सोय नव्हती.

सोमवारी त्याच धड्यावर सराव होता. वर्गाच्या मधोमध टेबलं मांडून चौकशी समितीचं नाटक करायचं. जबाबदारी कशी निश्चित करावी हे त्यातून शिकायचं. संचालक मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. तुरुंग अधीक्षक समितीची अध्यक्ष झाली. स्टोअरकीपर म्हणून, मेला असला तरी गंमत म्हणून, कप्तान पुढे आला. त्याने शर्टाचं एक बटण उघडलं, चष्मा नाकावर उतरवला आणि अडखळत चालत येऊन सलाम ठोकला.

“साहेब, दारू गरम झाली,” तो जड जिभेने म्हणाला. “पण जुनी होती साहेब. जुनी तर जास्त चांगली म्हणतात ना?”

वर्ग खो खो हसला. विमानतळवाला तर बाकावर थाप मारत होता. संचालकही हसले. कप्तानाला चेव आला. तापमानाची वही कुठे आहे असं विचारल्यावर त्याने खिसे उलटे करून दाखवले. तिने संचालकांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते.

“आवक लिपिक कोण होणार?” अधीक्षकने विचारलं. “दोनच वाक्यं आहेत.”

तिने हात वर केला.

“तुम्ही नको,” संचालक मागून म्हणाले. “तुम्ही डेपोच्याच आहात. तुम्ही निरीक्षक व्हा.”

“दोनच वाक्यं आहेत सर,” ती म्हणाली आणि टेबलासमोर जाऊन बसली.

अधीक्षकने पान बघून प्रश्न वाचला. “स्टोअरकीपरकडून शेडच्या पंख्यांबद्दल काही अर्ज आला होता का?”

“आले होते. तीन.”

“पानात तसं नाहीये,” विमानतळवाला म्हणाला.

“कल्पनाशक्ती वापरायची नाही,” संचालक म्हणाले. “लिहिलंय तेवढंच बोला.”

पण अधीक्षकने मान वर केली होती. तीस वर्षं ती लोकांचे जबाब ऐकत आली होती. तिने हातातलं पान उलटं ठेवलं. “कशाबद्दल होते?”

“पहिला, चार पंखे बंद आहेत म्हणून. आवक क्रमांक दोनशे अकरा. दुसरा, दुपारी शेडचं तापमान मर्यादेवर जातंय म्हणून. दोनशे चाळीस. तिसरा आगीच्या नऊ दिवस आधीचा. जुनी दारू तातडीने हलवायची परवानगी मागितली होती. दोनशे अठ्ठ्याऐंशी. तिन्हींवर कमांडंट साहेबांचा एकच शेरा होता. तपासणी झाल्यावर बघू. वरून तपासणी यायची होती, आणि पेट्या हलवल्या तर त्या बाहेर मांडलेल्या दिसल्या असत्या.”

“हे तुम्हाला कसं माहीत?”

“ती लिपिक मी आहे. आणि कमांडंट साहेब मागे बसलेत.”

कप्तानाचा चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावर होता. संचालक सावकाश उठले. त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

“बाई, शपथेवर तुम्ही सांगितलं होतं, की अर्ज आला नाही. आज सांगताय, आले. मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“पुरावा?”

“नाही. जुनं रजिस्टर तुम्ही नेलंत.”

“म्हणजे खोटं बोलल्याचं स्वतः कबूल करणारी एक बाई,” ते वर्गाकडे वळून म्हणाले, “आणि तिचा शब्द. विश्वासार्हतेचं मूल्यमापन आपण तिसऱ्या आठवड्यात केलं होतं. करा मूल्यमापन.”

मूल्यमापन वर्गाने जेवणाच्या वेळी केलं. तिच्या टेबलाजवळच्या दोन्ही खुर्च्या कुणीतरी उचलून नेल्या होत्या. कप्तान ताट घेऊन आला आणि उभ्यानेच म्हणाला, “आधी सांगायचं होतंत. सगळ्यांसमोर माकड केलंत माझं.”

“मी नाही केलं. तुम्ही झालात.”

“तुम्ही चौदा वर्षं गप्प बसलात. मी दहा मिनिटं नक्कल केली. कुणी काय केलं ते एकदा बघा.”

त्याचं खरं होतं, आणि तरीही त्याच्या तोंडावर ताट मारावंसं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चिठ्ठी मिळाली: वर्गातील शिस्तभंगाबद्दल अभ्यासक्रमातून परत पाठवण्यात येत आहे. ती बॅग भरत असताना तुरुंग अधीक्षक पलंगावर बसून बघत होती.

“माझ्याकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नका,” ती म्हणाली. “तुम्ही दिलीत तसल्या साक्षींवर माझ्याकडे माणसं आत बसलीत. काही म्हातारी होऊन मेली.”

“मी कुणाकडून काही मागितलं नाही.”

“बरं केलंत.” अधीक्षकने ड्रॉवरमधून एक घडी केलेला कागद काढला. काल वर्गात कोण काय बोललं, ते शब्दन् शब्द वेळेसकट लिहिलेलं होतं. खाली सही. “हा मी मुख्यालयाला पाठवते आहे. तुमच्यासाठी नाही. माझ्यासमोर जबाब झाला, मी अध्यक्ष होते, म्हणून.”

त्या कागदामुळे चौकशी लागली. पहिली चौकशी तिचीच, खोटी साक्ष दिल्याबद्दल. नवऱ्याने तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “मला खाली बघायला लावलंस,” आणि मग तिचा गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. मन वळलं होतं की नाही, ते तिला कधीच नीट कळलं नाही.

चौकशीच्या दिवशी मुख्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांब बाकावर ती बसली होती. समोरून खडूकाकांची बायको आली. तिला समन्स गेलं होतं. बसायला दुसरी जागा नव्हती. बाई बसली आणि आपली कापडी पिशवी तिने दोघींच्या मधे ठेवली. अर्धा तास गेला. शिपायाने हाक मारली तशी बाईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तीन कागद काढले. कार्बन प्रती. जांभळी अक्षरं फिकट झाली होती. कोपऱ्यात आवकचा गोल शिक्का होता, पूर्ण उमटलेला.

“हे तुमच्याकडे होते?”

“तेव्हाही दाखवले होते,” बाई म्हणाली. “साहेब म्हणाले, रजिस्टरमध्ये नोंद नाही, म्हणजे शिक्का चोरून मारलाय. मेलेल्या माणसाला चोर म्हणाले. आणि तू तिथेच बसली होतीस.”

ती होती. बाईच्या हातात काहीतरी कागद होते, एवढं तिला आठवत होतं. तिने तेव्हा मान वर केली नव्हती.

आत बाईला वीस मिनिटं लागली. मग तिला बोलावलं. प्रती समोर ठेवून विचारलं, शिक्का तुमचा? तिने एकेक कागद उचलून बघितला आणि हो म्हणाली, तीन वेळा. बाहेर आली तेव्हा बाई अजून तिथेच होती, जिन्याच्या कठड्याला धरून उभी. गुडघे दुखत असावेत. ती नकळत आधार द्यायला पुढे झाली. बाईने हात मागे घेतला.

“एक ध्यानात ठेव,” बाई म्हणाली. “मी तुला माफ केलं, असं कुणाला सांगत फिरू नकोस.”

“नाही सांगणार.”

बाई एकेक पायरी उतरत गेली. ती वरून बघत राहिली, बाई दिसेनाशी होईपर्यंत.

निकाल यायला सात महिने लागले. स्टोअरकीपरवरचा ठपका मागे घेण्यात येत आहे, असं दीड ओळीचं पत्र बाईच्या पत्त्यावर गेलं. संचालकांनी तब्येतीच्या कारणावरून पद सोडलं. त्यांच्या निरोपाला फोटो निघाले, भाषणं झाली, खास येऊन कप्तानानेही एक केलं. संस्थेने तो धडा अभ्यासक्रमातून काढून टाकला. दुरुस्त करून ठेवावा असं कुणाला वाटलं नाही. तिची ज्येष्ठता चार वर्षांनी मागे गेली, बढती कायमची बंद झाली आणि बदली झाली एका आडगावच्या डेपोत, जिथे वारा सुटला की ऑफिसच्या टेबलावर बोटभर धूळ बसते.

तिथल्या कमांडंटने तिच्या नावाला नाक मुरडलं. फितूर बाई, म्हणाला. कधी कुणाला अडकवेल नेम नाही. तिला कुठलंच काम द्यायचं नव्हतं, म्हणून त्याने नव्या अधिकाऱ्यांचा आठवड्यातून एक तास तिच्या गळ्यात मारला. खालून आलेली तक्रार कशी घ्यायची, हा विषय. सात-आठ कोवळी तोंडं तिच्यासमोर जांभया देत बसायची. तिच्याबद्दल त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असायचं, हे त्यांच्या डोळ्यांतून कळायचं.

एकदा त्यातला एक जण उठून म्हणाला, “मॅडम, किरकिर करणारी माणसं रोजच किरकिर करतात. प्रत्येकाचा कागद कुठे वाचत बसायचं?”

“वाचायचा,” ती म्हणाली.

“पण वेळ—”

“बसा खाली. आणि वाचायचा.”

तो बसला. जाताना दाराबाहेर त्याने तिच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि बाकीचे हसले. तिला आतपर्यंत ऐकू आलं. तिने फळा पुसला, पुढच्या आठवड्याची पानं मोजून कपाटात ठेवली आणि शेडकडे निघाली. दुपारचं तापमान घ्यायची वेळ झाली होती. ते काम तिचं नव्हतं, पण ती रोज जायची, आणि तिथला स्टोअरकीपर तिला बघून रोज कपाळाला आठ्या घालायचा.